टिटोच्या हातातली कुऱ्हाड : सोव्हिएत गटातली व्यंगचित्रं आणि रातोरात बदलणारे शत्रू

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

जुन्या व्यंगचित्रांचा नाद मला फार वर्षांचा. सध्या पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट काळातल्या विनोदी नियतकालिकांचे स्कॅन चाळतोय. रशियन, हंगेरियनमधलं ओ की ठो कळत नाही, मथळे यंत्राकडून भाषांतरित करून घेतो. पण १९४९ ते १९५२ च्या अंकांत एक गृहस्थ इतक्यांदा भेटायला लागले की म्हटलं यांच्यावरच धागा काढावा. युगोस्लाव्हियाचे कम्युनिस्ट सर्वेसर्वा मार्शल टिटो.

पार्श्वभूमी थोडक्यात. सप्टेंबर १९४७ मध्ये पोलंडमध्ये युरोपातल्या नऊ कम्युनिस्ट पक्षांनी मिळून कॉमिन्फॉर्म काढलं, म्हणजे मॉस्कोच्या तंत्राने चालणारी त्यांची सामाईक संघटना. कचेरी कुठे? बेलग्रेडला, म्हणजे टिटोच्याच राजधानीत. पहिल्या बैठकीत फ्रेंच आणि इटालियन पक्षांना मवाळपणाबद्दल झापण्याचं काम युगोस्लाव्ह प्रतिनिधींनी मोठ्या हौसेने केलं. वर्ष सरायच्या आत, २८ जून १९४८ ला, त्याच कॉमिन्फॉर्मने युगोस्लाव्ह पक्षाला हाकललं. ठरावातली कारणं वैचारिक. खरं दुखणं असं की हा गडी मॉस्कोला न विचारता बाल्कनमध्ये स्वतःचं राजकारण करत होता, आणि त्याची सत्ता लाल सैन्याने आणून बसवलेली नव्हती, बरीचशी त्याच्या पार्टिझनांनी, म्हणजे गनिमी लढवय्यांनी, लढून मिळवलेली होती. असा माणूस स्टालिनला कसा परवडावा?

पंचाईत झाली ती व्यंगचित्रकारांची. कालपर्यंत टिटो म्हणजे फॅसिस्टांशी लढलेला वीर. आता त्याला राक्षस करायचं, तेही लगोलग. मग गोदामातला जुना माल बाहेर काढला. हिटलरचा साथीदार गोअरिंगचं पोट आणि छातीभर बिल्ले. फॅसिस्ट जल्लादाच्या हातातली रक्त ठिबकणारी कुऱ्हाड. कधी बाहीवर स्वस्तिक. गळ्यात कुत्र्याचा पट्टा आणि साखळीचं दुसरं टोक अंकल सॅमच्या मुठीत. शिवाय डॉलरची खूण कुठे ना कुठे असायचीच, टोपीवर नाहीतर पैशाच्या थैलीवर. थोडक्यात, माणूस नवा, बाकी सामान सगळं आधीच्या शत्रूंचं.

आणि हे एकाच ठिकाणी नव्हे. मॉस्कोचं 'क्रोकोडिल', बुडापेस्टचं 'लुदाश मात्यी', बुखारेस्टचं 'उर्झिका', सोफियाचं 'स्तर्शेल', वॉर्साचं 'श्पिल्की', प्रागचं 'दिकोब्राझ'. लुदाश मात्यी हा लोककथेतला हंस राखणारा पोरगा सोडला तर बाकीची नावं बघा : मगर, खाजरी वनस्पती, गांधीलमाशी, टाचण्या, साळिंदर. सगळे चावणारे-टोचणारे, पण कुणाला टोचायचं हे वरून ठरलेलं. नोव्हेंबर १९४९ मध्ये कॉमिन्फॉर्मचा दुसरा ठराव आला, युगोस्लाव्ह पक्ष 'खुनी आणि हेरांच्या ताब्यात' असल्याचा. त्यानंतर तर या चित्रांना काही धरबंधच राहिला नाही.

मला यातली खरी गोम विनोदात दिसत नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये बुडापेस्टला लाझ्लो रायकचा खटला चालला. हा हंगेरीचा माजी गृहमंत्री, नंतरचा परराष्ट्रमंत्री. आरोप काय, तर टिटोमार्फत अमेरिकेची हेरगिरी. ऑक्टोबरमध्ये फाशी. त्याच्या आरोपपत्रातली साखळी बघा : वॉशिंग्टन, तिथून बेलग्रेड, तिथून बुडापेस्टमधला घरभेदी. आणि चित्रातली साखळी? सॅमचा हात, टिटोचा गळा, त्याच्या हातातल्या दोरीला बांधलेले छोटे कुत्रे. दोन्हींत फरक फक्त कागदाचा. कोर्टात जे सिद्ध करता येत नव्हतं ते चित्रात दिसत होतं. डोळ्यांनी शंभरदा बघितलेली गोष्ट पुराव्याशिवाय खरी वाटायला लागते. म्हणून या चित्रांना मी आंतरराष्ट्रीय राजकारणावरची 'टिप्पणी' म्हणायला तयार नाही. ती फिर्यादी पक्षाची कागदपत्रं होती.

मग मार्च १९५३ ला स्टालिन गेला. २६ मे १९५५ ला सोव्हिएत पक्षाचा नवा प्रमुख ख्रुश्चेव्ह बेलग्रेडच्या विमानतळावर उतरला आणि झाल्या प्रकाराचं खापर स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याच्यावर फोडून मोकळा झाला. बेरियाला गोळी घालून तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं, त्यामुळे त्याची काही हरकत असण्याचा प्रश्न नव्हता. कुऱ्हाड, पट्टा, साखळी सगळं पुन्हा गोदामात. रायकला ६ ऑक्टोबर १९५६ ला सन्मानाने पुन्हा पुरलं.

असे रातोरात पलटलेले आणखी शत्रू कुणाला ठाऊक असतील तर येऊ द्या.

पाटीपेन्सिल

मस्त धागा. बैठक मारून वाचला.

सगळ्यात मोठी पलटी तुम्ही सोडलीत की! २३ ऑगस्ट १९३९ ला हिटलरचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप मॉस्कोत अनाक्रमण करारावर सही करून गेला आणि सोव्हिएत छापखान्यांतून नाझीविरोधी चित्रं गुल. वर्षानुवर्षं हिटलरला सोलून काढणारे हात जवळजवळ दोन वर्षं ब्रिटन-फ्रान्सच्या भांडवलदारांवर चालत राहिले. २२ जून १९४१ ला हल्ला झाला आणि कुक्रिनिक्सींचं पोस्टर दोनच दिवसांत मॉस्कोच्या भिंतींवर. (कुक्रिनिक्सी हा एक माणूस नव्हे. कुप्रियानोव्ह, क्रिलोव्ह आणि निकोलाय सोकोलोव्ह अशा तिघांनी मिळून घेतलेलं नाव.) पोस्टर नीट बघा. अनाक्रमण कराराचा कागद टराटरा फाडून हिटलरचं मुंडकं बाहेर येतंय, तोंडावरचा मुखवटा गळून पडलाय, समोरून लाल सैनिकाची संगीन थेट कपाळात. आता गंमत अशी की करार फाटलेला दाखवायचा तर करार होता हे कबूल करावं लागतं. त्यांनी ते केलं, आणि एका झटक्यात मागच्या दोन वर्षांचा सगळा दोष मुखवट्यावर गेला. आम्ही फसलो नाही, तो मुखवटा घालून आला होता! चित्र म्हणून नंबर एक. वकिली म्हणूनही.

झणझणीत

लेख चांगला आहे, पण एकतर्फी. लंडन-पॅरिसचे व्यंगचित्रकार काय गंगेत न्हालेले होते? १९५० मध्ये फ्रान्समध्ये 'पे ए लिबेर्ते' नावाची कम्युनिस्टविरोधी संघटना निघाली. पिकासोचं शांततेचं कबूतर वर्षभरापूर्वी पॅरिसच्या शांतता परिषदेच्या पोस्टरवर झळकलं होतं, यांनी त्याच कबुतराचा सोव्हिएत रणगाडा करून भिंती रंगवल्या. आणि १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीहून परत आला तो लंडनचा व्यंगचित्रकार डेव्हिड लो याला 'हिटलरला जरा सांभाळून घ्या' सांगायला. लोने काही काळ हात आखडताही घेतला. तर 'वरून फोन' ही काय फक्त मॉस्कोची मक्तेदारी नाही.

बोरूबहाद्दर

@झणझणीत, दोन्ही मुद्दे बिनचूक. रणगाड्याचं कबूतर मला स्वतःला फार आवडतं, कल्पना म्हणून.

पण लोचंच उदाहरण पुढे न्या. २० सप्टेंबर १९३९ ला त्याने काय काढलं? पोलंडच्या प्रेतावर हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून एकमेकांना लवून मुजरा करतायत, आणि तोंडात शिव्या. हॅलिफॅक्सने विनंती केली, लोने काही दिवस ऐकली, मग सोडून दिली. आणि या सगळ्यात त्याची नोकरी शाबूत होती. मॉस्कोत 'ऐकलं नाही' हा पर्यायच कुठे होता? शिवाय लोने स्वतःच्या पंतप्रधानाला, चेंबरलेनलाही सोडलं नाही. क्रोकोडिलच्या स्टालिन काळातल्या एका अंकात तरी स्टालिनचं अर्कचित्र दाखवा, मी धाग्याचं शीर्षक बदलतो. घरातल्यांत चेष्टा कुणाची? लाचखाऊ मॅनेजर, दारुडा प्लंबर, भांडकुदळ कारकून. चेहरा ओळखू येईल असा बडा नेता हवा असेल तर तो परदेशातलाच.

अनुराधा_म

धागा वाचून घरचं कपाट आठवलं. आमच्याकडे 'सोव्हिएत देश' यायचा. वडील वाचायचे की नाही कोण जाणे, पण त्या गुळगुळीत कागदाची कव्हरं आम्हा भावंडांच्या वह्यांना वर्षभर टिकायची. त्यात सगळं गोडीगुलाबीचं : भिलाई, ट्रॅक्टर, गालावर लाली असलेली शाळकरी मुलं. तुम्ही सांगता तसली कुऱ्हाडवाली चित्रं काही पाहिल्याचं आठवत नाही. आपल्याला पाठवायचा माल वेगळा होता म्हणायचा!

बोरूबहाद्दर

अनुराधाताई, अगदी. आणि आपल्यालाही गोड माल १९५५ च्या आसपासपासूनच. त्याआधी नेहरूंचं सरकार म्हणजे साम्राज्यवाद्यांचं बाहुलं असाच मॉस्कोचा सूर होता. त्यांच्या मोठ्या विश्वकोशात गांधीजींना प्रतिगामी ठरवलं होतं. मग नेहरू मॉस्कोला गेले, वर्षअखेरीस सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह इकडे आले, आणि सूर पालटला. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्याच्या प्रश्नावर सुरक्षा समितीत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकारानेच पडला.

गिरणगाव

याच्या पुढचं मी सांगतो. आमचे वडील लालबागला पक्षाचं काम करायचे. १९६२ चा ऑक्टोबर त्यांनी बरेचदा सांगितलाय. चीन नेफात (आजच्या अरुणाचलात) घुसलेला, आणि २५ ऑक्टोबरच्या प्रावदात, म्हणजे सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्रात, चीनच्या प्रस्तावांची भलामण. क्यूबाचा पेच ऐन भरात होता, तेव्हा ख्रुश्चेव्हला चीन दुखवायचा नव्हता. इकडे कम्युनिस्ट पक्षाचे नेते डांगे आणि त्यांच्या बाजूचे लोक देशाच्या बाजूने उभे, दुसरे गप्प, चाळीत लोक तोंडावर 'चिनी' म्हणायचे. काही दिवसांत मॉस्कोने सूर बदलला, पण पक्षात पडायची ती भेग पडलीच, १९६४ ला दोन पक्ष झाले. तिकडे 'मार्मिक' निघून दोन वर्षं झालेली, आणि बाळासाहेबांना लाल बावटा म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक. वडील शिव्या घालत का होईना, पण 'मार्मिक' वाचायचे. रेषा चांगली आहे म्हणायचे. बाळासाहेबही लोचेच चाहते, हे त्यांना माहीत होतं का, देव जाणे.

ड्रेस्डेनकर

बोरूबहाद्दर, तुमच्या गोदामात एक किडा राहिला. खराखुरा किडा.

१९५० च्या उन्हाळ्यात पूर्व जर्मनीच्या सरकारने जाहीर केलं की अमेरिकी विमानं रात्री बटाट्याच्या शेतांवर कोलोरॅडो भुंगेरे टाकतायत. किड्याचं नाव ठेवलं 'आमीकेफर', म्हणजे अमेरिकी भुंगेरा. पुस्तिका, पोस्टरं, शाळेतली पोरं रांगेने शेतात पाठवून किडे वेचायला लावणं, सगळं सरकारी इतमामात. इथल्या एका छोट्या संग्रहालयात त्यातलं पोस्टर पाहिलं. मूळ किडा पिवळा आणि त्याच्या पाठीवर काळे उभे पट्टे. चित्रकाराला अर्धं काम निसर्गानेच करून दिलेलं! त्याने पट्टे लाल-पांढरे केले, डोक्याकडे चांदण्या काढल्या, झाला अमेरिकेचा झेंडा. बाजूला एक आजोबा नातवाला समजावत होते की हा किडा फ्रान्समधून सरकत सरकत युद्धाच्या आधीच जर्मनीत पोचला होता. ते खरंच आहे. युद्धाने औषधं संपली, फवारणी थांबली, किडा माजला. पण बटाटा नाही म्हणून लोक चिडलेले असताना 'औषध नाही' असं सांगणारं सरकार कुठलं? झेंडा चिकटवला की काम झालं. पोलंडमध्येही हाच प्रचार झाला.

सातगाव_पठार

बटाटेवाला बोलतोय 😀 आमच्याकडे तो भुंगेरा नाही, नशीब. आमचा वैरी करपा. ढगाळ हवा पडली आणि फवारा चुकला की आठवड्यात पठार काळं. त्यातही लोक म्हणतात की पलीकडच्या गावाने रोगट बियाणं आणलं म्हणून. अमेरिकेपर्यंत अजून कोणी गेलेलं नाही, पण पोस्टर काढायला माणूस मिळाला तर सांगता येत नाही.

पाटीपेन्सिल

सातगावकर 😂😂

एक खरा प्रश्न. ही माणसं, म्हणजे चित्रकार, यांचा विश्वास होता का यावर? का पोटासाठी?

बोरूबहाद्दर

विश्वास की पोट, यात तिसरी गोष्ट धरावी लागते : जीव. सोव्हिएत व्यंगचित्रकार बोरिस येफिमोव्ह घ्या. जन्म १९०० चा, कीव्हचा, मृत्यू २००८, मॉस्कोत. १०८ वर्षं जगला. १९२४ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, प्रस्तावना ट्रॉट्स्कीची. पुढे स्टालिनचा वैरी ठरलेल्या ट्रॉट्स्कीला नाझींचा हस्तक म्हणून रंगवायचं काम आलं तेव्हा तेही त्याने केलं. सख्खा भाऊ मिखाईल कोल्त्सोव्ह, नावाजलेला पत्रकार, क्रोकोडिलचा संपादक. त्याला डिसेंबर १९३८ मध्ये उचलला, १९४० मध्ये गोळी घातली. आणि ज्याच्या सहीने असल्या अटका व्हायच्या त्या गुप्त पोलिसप्रमुख येझोव्हचं गौरवचित्र याच येफिमोव्हने १९३७ मध्ये काढलं होतं. काटेरी हातमोज्याच्या मुठीत आवळलेला साप. भावाच्या अटकेनंतर त्याचं वर्तमानपत्रातलं काम बंद झालं, काही काळाने परत बोलावलं. पुढे न्यूरेंबर्गला बसून नाझींची रेखाटनं केली, मग शीतयुद्ध.

१९४७ चा किस्सा त्याने स्वतः अनेकदा सांगितलाय. स्टालिनच्या मर्जीतला नेता झ्दानोव्ह याने बोलावलं. म्हणे कॉम्रेड स्टालिनना एका चित्राची कल्पना सुचली आहे. अमेरिकी सेनापती आयझेनहॉवर प्रचंड फौज घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघालाय, रणगाडे, विमानं, जहाजं. शेजारी एक साधा अमेरिकन विचारतो की या शांत, ओसाड जागी एवढी धडपड कशाला? आणि सेनापती बोट दाखवतो : धोका इथूनच तर आहे! बोटाच्या टोकाला एक एस्किमो, बायकापोरांसकट. दुसऱ्या दिवशी खुद्द स्टालिनचा फोन, संध्याकाळी सहापर्यंत चित्र पाहिजे. येफिमोव्हने ते काढलं. स्टालिनने लाल पेन्सिलने मथळ्यातले शब्द दुरुस्त करून ते प्रावदात पाठवलं.

या चित्राला मी हसलो, हे सांगतो. 'सगळीकडून रशियनच येतायत' या अमेरिकी घबराटीवर ते बरोबर बसतं. पण कल्पना, वेळ, मथळा तिघांचा मालक एकच, आणि त्याने सात वर्षांपूर्वी तुमच्या भावाला मारलेलं. अशा वेळी 'विश्वास होता का' हा प्रश्न मला जरा घरात बसून विचारल्यासारखा वाटतो. मात्र त्याला माफी द्यावी असंही नाही. रायकसारख्यांच्या गळ्यातला पट्टा कुणीतरी रेखाटला होताच ना.

झणझणीत

हे पटलं. वर मी ज्या सुरात लिहिलं तो इथे लागू नाही.

कडूकिराईत

वैद्यकातला माणूस म्हणून एक काळी नोंद. १३ जानेवारी १९५३ ला प्रावदात बातमी आली की क्रेमलिनच्या नामवंत डॉक्टरांनी नेत्यांना चुकीचे उपचार देऊन मारलं. बहुतेक नावं ज्यू, आणि दोर पुन्हा अमेरिकेच्या हातात. लगेच क्रोकोडिलमध्ये पांढऱ्या डगल्यातले, बाकदार नाकाचे खुनी डॉक्टर. मार्चमध्ये स्टालिन गेला, एप्रिलच्या सुरुवातीला जाहीर झालं की प्रकरण बनावट होतं, जिवंत होते ते सुटले. नाक मात्र त्या गोदामातच राहिलं. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर इस्रायलचा संरक्षणमंत्री मोशे दायानच्या चित्रांना तेच लागलं, तोच हावरट वाकलेला पंजा. आणि गंमत म्हणजे हीच नाकं गोबेल्सच्या छापखान्यातूनही निघत होती.

वाटसरू_७२

चीनचा उल्लेख कसा नाही अजून? टिटोचं पुराण तिथे पुन्हा सुरू होतं, आणि तेही आपल्या 'लेकी बोले सुने लागे'च्या चालीवर. १९६३ मध्ये पेकिंगने लांबलचक लेख लिहिला, युगोस्लाव्हिया समाजवादी देश आहे का? शिव्या टिटोला, ऐकायचं ख्रुश्चेव्हने. त्याच्या उलट मॉस्को अल्बानियाला झोडपायचं आणि ऐकायचं माओने. ऑक्टोबर १९६१ च्या मॉस्को अधिवेशनात ख्रुश्चेव्हने अल्बानियावर तोंडसुख घेतलं तेव्हा चीनचा पंतप्रधान चाऊ एन-लाय ते अर्धवट सोडून निघून गेला. पाठीला कुणाच्या लागलंय हे बरोबर कळलं होतं.

आणि अल्बानियाचं विनोदी नियतकालिक 'होस्तेनी' बघाच. होस्तेनी म्हणजे बैलाला टोचायची पराणी. १९४८ नंतर टिटोला, १९६१ नंतर ख्रुश्चेव्हला, १९७८ ला चीनने मदत तोडल्यावर चिनी नेत्यांना. अमेरिका तर कायमची. एवढ्याशा देशाने इतक्या मोठ्यांना टोचलं, शेवटी टोचायला मित्रच उरला नाही.

बेलग्रेडची बाजू पण? ते काय नुसते मार खात होते?

बोरूबहाद्दर

नाही, तेही वाजवत होते. बेलग्रेडच्या 'पोलितिका' दैनिकात व्यंगचित्रकार प्येर क्रिझानिच आणि विनोदी साप्ताहिक 'येझ' यांनी कॉमिन्फॉर्मवाल्यांची यथेच्छ टर उडवली. चित्रं सोव्हिएत बाजूपेक्षा हलकीफुलकी, निदान हसू येतं. पण त्याच काळात १९४९ पासून गोली ओतोक बेटावर स्टालिनवादी असल्याच्या संशयावरून हजारो माणसं दगड फोडत होती. ते बेट मला त्या काळच्या एकाही युगोस्लाव्ह चित्रात सापडलेलं नाही.

दुनाकाठी

बुडापेस्टहून लिहितेय, नोकरीनिमित्त इथे. धागा वाचून रविवारी एचेरीच्या जुन्या बाजारात गेले आणि लुदाश मात्यीचं एक सुटं पान दिसलं. तारखेचा कोपरा फाटलेला. चित्रात जाड्या सेनापती, बिल्ले, कुऱ्हाड, सगळं तुम्ही म्हणता तसं. त्याच्या खांद्यावर हात टाकून घागऱ्यासारखा झगा आणि गोंड्याचे बूट घातलेला एक माणूस, मागे काटेरी तारेचं उघडं फाटक. विक्रेता म्हणतो १९४८ चं आहे, म्हणून ४ हजार फोरिंट. खरं का?

बोरूबहाद्दर

दुनाकाठीताई, झगा आणि गोंड्याचे बूट म्हणजे ग्रीक राजाचा शिपाई, एव्झोन. टिटोने ग्रीक कम्युनिस्ट बंडखोरांसाठी सीमा बंद केली ती जुलै १९४९ मध्ये. त्यानंतर 'टिटो ग्रीक राजेशाहीला मिळाला' हा विषय चित्रांत आला. फाटकही त्याचंच असणार. म्हणजे १९४९ च्या उन्हाळ्याच्या आधीचं हे पान नव्हे, आणि स्टालिननंतर असलं चित्र छापलं जाणं अवघड. मागे रायकच्या खटल्याची बातमी आहे का बघा. असेल तर १९४९ ची शरद नक्की.

विक्रेत्याला सांगा १९४८ चं नाही, आणि दोन हजाराला मागा.

दुनाकाठी

मागे फुटबॉल आहे आणि साबणाची जाहिरात. अडीच हजारांत आणलं. फोटो रात्री टाकते.